नव्वदच्या दशकातली हिंदी गाणी खरंच चांगली होती, की आठवणींमुळे गोड वाटतात?

दोन्ही. पण माझी अडचण वेगळीच आहे. ती गाणी जशी बनली तशी मी तेव्हा ऐकलीच नव्हती.

आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं. गाणं यायचं दोन वाटांनी: उन्हाळ्यातल्या लग्नांत कडुनिंबाला बांधलेल्या भोंग्यातून, नाहीतर दारव्ह्याहून भरून आणलेल्या कॅसेटमधून.

भोंग्यातून खालचा, ढम्म आवाज येतच नाही. मधला तेवढा फुटतो: गळा, बासरी, शहनाई, ढोलकीची चाट. ‘आशिकी’पासून (१९९०) संगीतकार नदीम-श्रवण यांची गाणी नेमकी या पट्ट्यात बसलेली. कुमार सानूचा नाकातला सूर तर नांगरलेल्या वावरांवरून पलीकडच्या गावात पोचायचा. त्याला १९९० ते १९९४ च्या सिनेमांसाठी ओळीनं ५ फिल्मफेअर मिळाले. आमच्या साऊंडवाल्याच्या हातात असतं तर त्यानं सहावंही दिलं असतं. मग १९९५ ला ‘रंगीला’ आला. रहमानचं गाणं त्याच भोंग्यावर लावलं की अर्धं गायबच. मांडवातले म्हातारे म्हणाले, “हे काय गानं हाय बाप्पा, नुसती खटखट!” मलाही तसंच वाटायचं. दोष भोंग्याचा होता, हे पुण्यात हेडफोन लावल्यावर कळलं.

चाली एकमेकींच्या बहिणी होत्या, हे मान्य. शब्दांत दिल, सनम, कसम यांच्यापुढे फार काही नव्हतं. पण मुखडा एकदा ऐकला की म्हशीमागे चालणाऱ्या पोरालाही म्हणता यायचा, आणि हे काम सोपं नाही.

कॅसेट भरणारा विचारायचा, “साधी पाहिजे का झंकार?” झंकार म्हणजे मूळ गाण्यावर वरून आणखी एक ऑक्टोपॅडचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रमचा, ठेका चढवलेला. आम्ही झंकारच सांगायचो. त्यामुळे पुढं मूळ गाणं ऐकलं तेव्हा तर्रीशिवायचे पोहे खाल्ल्यासारखं झालं. टेपचा हेड मळला की आवाज घोगरा व्हायचा. मग उदबत्तीच्या काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिट लावून पुसायचा. कापूस घरचा होता, चैन म्हणावी तर तेवढीच.

साठच्या कॅसेटला एका बाजूला ३० मिनिटं. ५ गाणी पुरती बसत, सहावं मधेच तुटे. माझ्याकडचं सहावं ‘साजन’मधलं होतं, दुसऱ्या अंतऱ्याच्या तोंडावर खट्! ते शेवटपर्यंत ऐकलं थेट मोबाइल आल्यावर. दुसरा अंतरा ठीकठाकच निघाला. अजूनही ते गाणं त्या जागी आलं की माझा हात कॅसेट पलटायला उठतो.