हात हलवून लढायचंय? आधी एवढं ऐक

भावा, फायटिंग गेमसाठी मोशन कंट्रोलर, म्हणजे आपला हात हलवला की पडद्यावरचा गडी हलवणारं यंत्र, घेणार असशील तर जरा थांब. हे गेम बहुतेक सेकंदाला ६० फ्रेमनं, म्हणजे ६० चित्रांनी चालतात. एक फ्रेम म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद. 'स्ट्रीट फायटर'मधला हलका ठोसा तीन-चार फ्रेममध्ये लागतो. बटणाला अंगठा जेमतेम हलतो. हात मात्र खांद्यापासनं निघणार, सेन्सर तो ओळखणार, तोवर समोरच्यानं तुला कोपऱ्यात दाबलेलं असतंय. २०१० च्या कायनेक्टचा, म्हणजे एक्सबॉक्सला लावून अंगाच्या हालचाली टिपणाऱ्या यंत्राचा, कॅमेरा तर सेकंदाला ३०च चित्रं टिपायचा.

मला जास्त सलतंय ते वेगळंच. कोल्हापूरच्या खासबागेत कुस्ती बघितलीयस न्हवं? पैलवानाचा हात समोरच्याच्या अंगावर अडतो, त्या दाबावरनंच त्याला पुढचा डाव कळतो. इथं ठोसा ब्लॉक झाला तरी तुझा हात हवेतनं पुढं जातोच. पडद्यावरचा गडी थांबलेला, तू नाही.

'स्ट्रीट फायटर'मधल्या हादोकेनसाठी, म्हणजे हातातनं ऊर्जेचा गोळा फेकायच्या डावासाठी, खाली, तिरकं, पुढं आणि ठोसा असं ओळीनं द्यावं लागतं, हे मनगटानं दर वेळी अचूक येत नाही. २०१७ चा 'आर्म्स' हा गेम मोशन धरूनच बनवलाय, तो जरूर खेळ. बाकीच्या गेमसाठी साधा बटणांचा पॅड घे आणि रविवारी रंकाळ्याजवळ माझ्या घरी ये, सराव मी घेतो.