कॅम्पसवर वंशद्वेषी हल्ला झाला आणि विद्यार्थी आंदोलनाला बसले, तर प्राध्यापकांच्या सभेने नेमकं काय करावं?

तुम्ही अमेरिकेतल्या विद्यापीठांबद्दल विचारलंय, म्हणून तिथलंच प्रकरण घेतो. प्राध्यापकांची सभा कुठे घसरते हे बघायचं तर न्यूयॉर्क राज्यातलं कॉर्नेल विद्यापीठ, एप्रिल 1969.

घटनांचा क्रम महत्त्वाचा आहे. डिसेंबर 1968 मधल्या निदर्शनांबद्दल शिस्त मंडळाने तीन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना ताकीद दिली. त्याच रात्री, म्हणजे 18 एप्रिलच्या पहाटे, कृष्णवर्णीय मुली राहत होत्या त्या वारी हाउससमोर कोणीतरी क्रूस पेटवला; कृष्णवर्णीयांना धमकावायची ही गोऱ्या वंशवाद्यांची जुनी रीत. 19 ला आफ्रो-अमेरिकन सोसायटी या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघटनेतल्या मुलांनी विलर्ड स्ट्रेट हॉल, म्हणजे विद्यार्थी केंद्राची इमारत, ताब्यात घेतला. डेल्टा अप्सिलॉन या फ्रॅटर्निटीची (मुलांच्या निवासी क्लबची) गोरी पोरं आत घुसली, मारामारी झाली आणि मग आतल्या मुलांनी स्वतःकडे बंदुका मागवून घेतल्या. बंदुकांसह बाहेर पडतानाच्या फोटोला पत्रकारितेचं 1970 चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. लोकांना तो फोटो आठवतो, क्रूस कोणाला आठवत नाही.

इमारत रिकामी करण्यासाठी 20 तारखेला विद्यापीठ प्रशासनाशी समझोता झाला: ताकीद रद्द करावी अशी शिफारस डीन ऑफ फॅकल्टी (प्राध्यापकांचे प्रमुख) रॉबर्ट मिलर प्राध्यापकांच्या सभेला करतील. 21 ला सभेने ती फेटाळली आणि मिलर पदावरून गेले. मग बार्टन हॉलमध्ये हजारो विद्यार्थी जमले आणि 23 ला त्याच सभेने निर्णय फिरवला. धाकाखाली मत दिलं म्हणून काही नामवंत प्राध्यापकांनी राजीनामे दिले, विद्यापीठाचे अध्यक्ष पर्किन्स यांनाही पद सोडावं लागलं. ताकीद ही शिक्षा म्हणाल तर अगदी किरकोळ. भांडण खरं सभेच्या अधिकाराचं होतं.

यातून माझं मत असं. पहिल्या चोवीस तासांत शिस्तीचा विषय टेबलावर घेऊच नका. आधी धमकी आलेल्या वसतिगृहाला रात्रीचा पहारा, हवी असेल त्या विद्यार्थ्याला दुसरीकडे राहायची सोय, आणि हल्ल्याची पोलिसांत तक्रार झाली का याची लेखी खात्री. पहारा आठवड्याभरात उठवू नका. कॉर्नेलचं आफ्रिकाना केंद्र (कृष्णवर्णीयांच्या इतिहास-संस्कृतीच्या अभ्यासाचं) 1969 च्या शरद सत्रात सुरू झालं आणि 1 एप्रिल 1970 ला ते कोणीतरी जाळलं.

दुसरं, वाटाघाटीला जाणाऱ्याला काय कबूल करायचा अधिकार आहे, ते सभेने आधी लिहून द्यावं. मिलर शब्द देऊन आले, पण मतं त्यांच्या खिशात नव्हती. ‘मान्य’ आणि ‘नामंजूर’ एवढेच पर्याय ठेवले की सभा कोपऱ्यात सापडते. मधला मार्ग असतो: शिक्षेला स्थगिती, बाहेरच्या समितीकडून फेरतपासणी, ठरलेली मुदत. कॉर्नेलमध्ये मुलांचा आक्षेपच होता की ज्या संस्थेविरुद्ध आंदोलन, तिचंच मंडळ न्याय करतंय. अशा आक्षेपावर स्थगिती दिली तर ती शरणागती ठरत नाही, आणि दोन दिवसांत मत फिरवायची नामुष्की टळते.

ठराव दोन करा: एक हल्ल्याच्या निषेधाचा, दुसरा आंदोलकांवरच्या कारवाईचा. एकत्र आणले की कारवाईवरच्या वादात निषेधही अडकतो. मतदान गुप्त ठेवा.

वैयक्तिक पाठिंब्याचं काय? मोर्चात चाला, निवेदनावर सही करा, पण आंदोलनाचं राखणदार होऊ नका. मिझुरी विद्यापीठात नोव्हेंबर 2015 मध्ये वंशद्वेषाविरुद्धच्या आंदोलनात एका प्राध्यापिकेने विद्यार्थी-पत्रकाराला हुसकावण्यासाठी इतरांना हाक दिली. व्हिडिओ पसरला, पुढच्या वर्षी नोकरी गेली. काढताना नेहमीची प्राध्यापकीय चौकशी झाली नाही, म्हणून प्राध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने 2016 मध्ये विद्यापीठाचा अधिकृत निषेध केला. म्हणजे तिचं वागणं चूक मानणाऱ्या सहकाऱ्यांनीही चौकशीची मागणी पहिल्याच दिवशी लावून धरायला हवी होती.