वाचकांचे प्रश्न : आधी बोलावं लागतं तेव्हा काय करायचं?

प्रश्न : ताई, आम्ही मित्र टेक्सास होल्डेम खेळतो, म्हणजे पोकरचा तो प्रकार, ज्यात प्रत्येकाच्या हातात दोन पानं आणि टेबलावर सगळ्यांची मिळून पाच. ब्लाइंड (पानं मिळण्याआधी दोघांनी लावायच्या सक्तीच्या चिप्स) 50 आणि 100, सुरुवातीला प्रत्येकाकडे 10,000 च्या चिप्स. परवा मी मोठ्या ब्लाइंडवर होतो आणि हातात बदाम एक्का, किलवर नव्वी. बटणावरच्या, म्हणजे टेबलावर पानं उघडल्यावर सगळ्यांत शेवटी बोलणाऱ्या (चाल करणाऱ्या) मित्राने रेज करून, म्हणजे रक्कम वाढवून, 250 केले, छोट्या ब्लाइंडने पानं टाकली, मी कॉल केला (तेवढेच भरले). फ्लॉप (टेबलावरची पहिली तीन पानं) आला इस्पिक एक्का, चौकट सत्ती, किलवर चव्वी. आपण कुठे आहोत ते कळावं म्हणून मी 300 लावले, त्याने कॉल केला. टर्नला (चौथ्या पानावर) चौकट राणी आली, मी 700 लावले, पुन्हा कॉल. रिव्हरला (पाचव्या पानावर) इस्पिक दुर्री; मी 1,500 लावले आणि त्याने सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. मी कॉल केला. त्याच्याकडे एक्का-राणी निघाली. एक्का लागला तरी मला छोटे पॉट (मधे जमलेल्या चिप्स) मिळतात आणि मोठे जातात, असं का?

उत्तर : फ्लॉपच्या आधीचा तुमचा कॉल बरोबर होता. 400 च्या पॉटसाठी आणखी 150 घालायचे होते, म्हणजे साधारण 27 टक्के वेळा जिंकलात तरी पुरे. बटणावरून माणूस बऱ्याच साध्या पानांवरही रेज करतो, त्यामुळे एक्का-नव्वीला तेवढं सहज जमतं. मात्र हा हिशोब पाचही पानं उघडेपर्यंत तुम्ही डावात टिकाल असं धरून असतो. आधी बोलणाऱ्याला तेवढं टिकू दिलं जात नाही. फ्लॉप, टर्न, रिव्हर, तिन्ही वेळा तुम्ही अंधारात बोलता आणि तो तुमचं ऐकून ठरवतो. म्हणून हेच पान बटणावर जास्त कमावतं आणि ब्लाइंडवर कमी.

तुमचं नुकसान झालं ते फ्लॉपवरच्या 300 पासून. ते लावताना एकच प्रश्न विचारायचा होता : माझ्यापेक्षा कमी असलेलं कोणतं पान मला पैसे देणार? राजा-गुलाम निघून जाईल. अठ्ठ्यांची जोडी एखादा कॉल देईल, राणी पडली की तीही जाईल. एक्का-छक्की, एक्का-पंजी थोडा वेळ थांबतील. पण दोन्ही वेळा कॉल करून रिव्हरला सगळं घालणारं पान बहुतेक वेळा तुमच्या नव्वीच्या वरचंच असणार. तीन वेळा लावून तुम्ही कमजोर पानं हाकलून दिलीत आणि भारी पानं तेवढी समोर ठेवलीत. ‘कुठे आहोत ते कळावं’ म्हणून लावलेल्या चिप्स फार महाग पडतात, आणि मला ही सवय मनापासून खटकते, कारण चांगले चांगले खेळाडू तिच्यापायी वर्षानुवर्षं चिप्स घालवतात.

शिवाय तो फ्लॉप मुळात त्याचा होता. एक्क्यांची जोडी, एक्का-राजा, बऱ्याचदा एक्का-राणीसुद्धा तुमच्याकडे असती तर तुम्ही आधीच पुन्हा रेज केलं असतं. फक्त कॉल केल्यामुळे ही पानं त्याच्याकडे असू शकतात, तुमच्याकडे जवळपास नाहीत, आणि हे त्यालाही ठाऊक असतं.

फ्लॉपवर चेक करा, म्हणजे काही न लावता पाळी पुढे द्या. समजा त्याने 550 च्या पॉटमध्ये 180 लावले. तुम्हाला फक्त 20 टक्के जिंकायचं आहे, तेव्हा आनंदाने कॉल करा. त्या 180 मध्ये त्याचे ब्लफही (कमजोर पानांवर भारी असल्याचं सोंग) आहेत. तुम्ही आधी लावले असते तर हेच ब्लफ गुपचूप निघून गेले असते. टर्नला पुन्हा चेक. त्याने 600 लावले तर आणखी एक कॉल ठीक. रिव्हरला तिसऱ्यांदा मोठी रक्कम आली तर समोरचा माणूस कसा खेळतो ते बघून ठरवा. तिथे पानं टाकली तर एकूण गेले 1,030. एक्का-राणीसमोर हा डाव जाणारच होता, पण 10,000 जायची गरज नव्हती.

आणि टर्नला त्यानेही चेक केलं तर? मग चित्र बदलतं. भारी पान असतं तर त्याने बहुधा लावलं असतं. आता रिव्हरला तुम्ही स्वतः अर्धा पॉट लावा. सत्तीवाला, अठ्ठ्यांची जोडीवाला कुतूहलाने कॉल करतो. आधी बोलून लावायची खरी जागा ही.

एक काळजी मात्र घ्या. फक्त मध्यम पानांवर चेक करू लागलात तर चार डावांत मित्रांच्या लक्षात येईल आणि प्रत्येक चेकवर ते तुम्हाला झोडपतील. म्हणून दोन सत्त्या हातात असून तिसरी फ्लॉपवर आली तरी चेकच करा आणि त्याच्या 180 वर 600 पर्यंत रेज करा. छक्की-पंजीवरही कधीकधी हेच करा : तिर्री किंवा अठ्ठी, अशी आठ पानं तुमचा सीक्वेन्स पुरा करतात आणि पुढच्या दोन पानांत ती येण्याची शक्यता सुमारे 31 टक्के असते. चेक-रेजची भीती बसली की तो फुकट ब्लफ मारायचं कमी करतो, आणि मग तुमची एक्का-नव्वीही निवांतपणे रिव्हरपर्यंत पोचते.

छक्की-पंजी-चव्वीसारख्या फ्लॉपवर गोष्ट वेगळी. तशी छोटी पानं मोठ्या ब्लाइंडकडे जास्त असतात, तिथे आधी लावायला हरकत नाही.

फ्लॉपआधी पुन्हा रेज करायचं तर ब्लाइंडवरून मोठं करा. बटणावरून तिप्पट पुरतं, आधी बोलणाऱ्याने चौपट करावं, म्हणजे 250 वर 1,000. छोट्या ब्लाइंडवर नुसता कॉल करणं मी शक्यतो टाळते. मागे मोठा ब्लाइंड अजून बोलायचा असतो आणि फ्लॉपनंतर सगळ्यांच्या आधी तुम्हीच. एक तर रेज करा, नाहीतर पानं टाका. आणि पहिल्या जागेवरून कोणी रेज केलं असेल तर वेगळ्या रंगांचे राजा-गुलाम बिनदिक्कत टाका. राजा लागला तरी समोर एक्का-राजा किंवा राजा-राणी असण्याची धास्ती सुटत नाही.

प्रश्न : दोघंच उरलो की आमच्यात वाद होतो. छोटा ब्लाइंड कोणाचा आणि आधी कोणी बोलायचं?

उत्तर : दोघांच्या खेळात बटणवालाच छोटा ब्लाइंड लावतो. फ्लॉपआधी तो पहिला बोलतो, फ्लॉपपासून पुढे मात्र शेवटी. म्हणून बटणावर असताना भरपूर पानं खेळा. समोरच्याच्या बटणावर हात आखडता घ्या.