क्लबहाऊस राहू दे, आधी कट्टा कुठेय ते सांगा

मागच्या अंकात रिडेव्हलपमेंटवर लिहिलं आणि मेलबॉक्स भरून वाहिला. निम्म्याहून जास्त प्रश्न कॉर्पस (बिल्डर सोसायटीला देतो तो निधी) किती मागू, भाडं किती मिळेल, कार्पेट किती वाढेल असले होते, ते तुमच्या वकिलाला आणि पीएमसीला, म्हणजे सोसायटीने नेमलेल्या प्रोजेक्ट सल्लागाराला, विचारा, मी नुसती नकाशे काढणारी बाई आहे. पण काही पत्रं वेगळी होती, बिल्डिंगमध्ये माणसं एकमेकांना भेटणार कुठे असं विचारणारी, म्हणून यावेळी फक्त तीच घेतलीत.

प्रश्न: मॅडम नमस्कार. आमची मुलुंडला जुनी सोसायटी, तळ अधिक तीन मजले, तीन बिल्डिंगा, ४८ घरं. मध्ये अंगण, चिंचेचं झाड, त्याला पार. आता बिल्डरने २३ मजली टॉवर दाखवलाय. पोडियम पार्किंग (खालचे मजले नुसते गाड्यांना), वर क्लबहाऊस, जिम, सिनियर सिटिझन कॉर्नर, ब्रोशर बघून मंडळी खूश. मी सेक्रेटरी आहे, मला काहीतरी खटकतंय पण नेमकं काय ते सांगता येत नाहीये. काय विचारू त्याला?

काका, ब्रोशर आधी कपाटात ठेवून द्या. बिल्डरकडून ग्राउंड फ्लोअरचा प्लॅन मागा, मोठ्या कागदावर, आणि पेन्सिल घेऊन बसा. गेटपासून आपापल्या दारापर्यंत कोण कसं जाणार त्याच्या रेघा मारा. स्कूलबसमधून उतरलेलं पोरगं, भाजीची पिशवी घेतलेल्या काकू, फेरी मारून आलेले आजोबा, कचरा नेणारा मुलगा. या रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे माणसं भेटतात, बाकी कुठे नाही. आज त्या सगळ्या चिंचेपाशी छेदतात म्हणून तुमचा पार भरलेला असतो, पार बांधणाऱ्याने त्यासाठी काही सर्व्हे वगैरे केला नव्हता. नव्या प्लॅनमध्ये बहुतेक असं दिसेल की गाडी रॅम्पने वर, तिथूनच लिफ्ट, लिफ्टमधून थेट दार, आणि चालत येणाऱ्याने मात्र वॉचमनच्या केबिनशेजारून गाड्यांमधून अंग चोरत लॉबी गाठायची. क्लबहाऊस कुठे, तर पाचव्या-सहाव्या लेव्हलला, म्हणजे तिथे मुद्दाम जायला पाहिजे. आता मुद्दाम कोण जातं हो?

माझंच सांगते. ठाण्यात एका सोसायटीला मी मोठ्या हौसेने क्लबहाऊस काढून दिलं, लाकडी फ्लोअरिंग, कॅरमची टेबलं, सगळं. दोन वर्षांनी गेले तर कुलूप, किल्ली कमिटीकडे, आत जुने पंखे आणि गणपतीचा मांडव. आणि लोक कुठे, तर खाली टपालपेट्यांसमोर साडेचार-पाच फुटांची जागा आहे तिथे उभ्याने तासतास गप्पा मारतायत. तिथे मी साधं बाकडं पण दिलं नव्हतं. तेव्हापासून प्लॅन हातात आला की आधी टपालपेट्या कुठेत ते बघते, हसू नका.

हे असं का होतं तेही समजून घ्या म्हणजे बिल्डरशी नीट बोलता येईल, तो काही राक्षस नाही, तो एफएसआयच्या, म्हणजे प्लॉटच्या प्रमाणात किती बांधता येतं त्याच्या, गणिताने चालतो. मुंबईत नियमाप्रमाणे लागणारं पार्किंग एफएसआयमध्ये धरत नाहीत, म्हणून पोडियमचे मजले चढतात. जिना, लिफ्ट, लॉबी हे प्रीमियम (महापालिकेला द्यायचे जादा पैसे) भरलं की एफएसआयच्या बाहेर. बाल्कनी मात्र २०१२ च्या बदलापासून एफएसआयमध्ये मोजतात, त्या बदल्यात ३५ टक्के फंजिबल, म्हणजे हवा तसा वापरता येणारा जादा एफएसआय, मिळतो, तो बहुतेक लोक खोल्या मोठ्या करण्यात घालवतात. मग गॅलरी जाते, आणि गॅलरी गेली की वरून खाली हाक मारणं जातं. मी अंतर फुटात मोजत नाही, हाकेत मोजते. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरून अंगणातल्या पोराला "चल, जेवायला" म्हणता येतं, पंधराव्यावरून फोनच करावा लागतो. २३ मजले करू नका असं मी म्हणणार नाही, तुमचं गणित तेवढ्याशिवाय बसत नसेल कदाचित. पण मग जी हाक वरून मारता येणार नाही तिची सोय खाली करून घ्यायला लागेल.

तर मागायचं काय. मोकळी जागा खऱ्या मातीवर, स्लॅबवरच्या कुंडीत नको. किमान रिक्रिएशनची, म्हणजे खेळा-बसायची, जी जागा नियमाने सोडायची ती जमिनीवर हवी, पोडियमवर ढकलून भागणार नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१३ च्या डिसेंबरात मुंबईच्याच एका केसमध्ये सांगितलंय, पुढे नियमावली बदलली त्यामुळे तुमच्या प्लॉटला आज नेमकं काय लागू ते पीएमसीकडून लेखी घ्या. चिंच वाचत असेल तर वाचवा, १९७५ च्या कायद्याप्रमाणे झाड तोडायला परवानगी लागतेच, त्यामुळे झाडाच्या भोवतीने प्लॅन काढा हे म्हणणं काही हट्ट ठरत नाही. फायर ब्रिगेडच्या गाडीचा सहा मीटरचा रस्ता कुठून जातो तेही बघा, कारण बऱ्याचदा "गार्डन" म्हणून हिरवं रंगवलेलं असतं तो तोच रस्ता असतो. मल्टिपर्पज हॉल वर नको, तळाला द्या, शेजारी संडास-बाथरूम आणि एक सिंक, म्हणजे बारसं असो की तेराव्याचं जेवण, बाहेर हॉल बुक करायला नको. लॉबीला खिडकी हवी, दिवसा ट्यूबलाइट लागली की माणूस तिथे थांबत नाही. आणि लॉबी ते गेट या वाटेवर कट्टा, जमिनीपासून ४५ सेंटिमीटर, सव्वा फूट खोल तरी हवा, त्याहून उंच केला की म्हाताऱ्यांचे पाय लोंबतात.

हे सगळं डेव्हलपमेंट अॅग्रीमेंटमध्ये, नकाशा जोडून, मापं टाकून. ब्रोशरवरचं चित्र चहाबरोबर विसरलं जातं. सहकार कायद्यातल्या ७९-अ च्या, म्हणजे रिडेव्हलपमेंट ठरवायच्या, सभेत ५१ टक्के सभासद हो म्हणाले की गाडी पुढे सरकते, त्यामुळे जे बोलायचं ते त्या सभेच्या आधी बोला. आणि हो, स्विमिंग पूल कोणी सुचवला तर त्याला फक्त मेंटेनन्स किती येणार ते विचारा, आपोआप गप्प होईल.

प्रश्न: आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीतून नवीन टॉवरमध्ये आलो. १६० फुटांच्या खोलीतून ५०० फुटांचं घर, संडास घरात, पाणी घरात, तक्रार करायला तोंड नाही. पण आई दिवसभर दार लावून टीव्हीसमोर बसून असते, म्हणते इथे कोणी येत नाही. आता तर बिल्डिंग बांधून झाली, आता काय करता येणार?

ताई, पहिली गोष्ट, तुम्हाला जे घर मिळालं ते मिळायलाच हवं होतं. चाळीच्या आठवणी काढून गळा काढणारे बहुतेक लोक पहाटे कॉमन संडासच्या रांगेत कधी उभे राहिलेले नसतात. बीडीडीच्या, म्हणजे इंग्रज सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, मुंबईभर मिळून २०७ बिल्डिंगा १९२० च्या दशकात बांधल्या, एका बिल्डिंगमध्ये ८० खोल्या, मजल्याला २०. आणि गिरगावातल्या चाळींसारखी हवेशीर गॅलरी पण नाही, मधोमध पॅसेज आणि दोन्ही बाजूंना दारं. तो पॅसेज अंधाराच होता की. पण २० दारं एका पॅसेजमध्ये उघडत होती आणि खोली इतकी लहान की दार उघडं ठेवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, त्यामुळे आईला माणसं दिसायची, कुणाकडे मुद्दाम जायला लागायचं नाही. आता जागा वाढली आणि दार बंद झालं, यात चूक कुणाची नाही.

करण्यासारखं बरंच आहे. आईला खाली उतरायला रोजचं कारण पाहिजे. दूध, पेपर, भाजीवाली, बीपी तपासणारी नर्स, यातलं जे जमेल ते खाली, ठरलेल्या वेळी, एकाच जागी आणा. खालच्या लॉबीत हाताचे दांडे असलेली बाकडी ठेवायला लावा, दांडे महत्त्वाचे, गुडघे दुखणारं माणूस दांड्याशिवाय उठत नाही आणि उठता येणार नाही या भीतीने मुळात बसतच नाही. आणि तळमजल्यावर संडास उघडा ठेवा. कमिट्या तो ड्रायव्हर-वॉचमनसाठी म्हणून कोपऱ्यात ठेवतात नाहीतर कुलूप घालतात, पण सत्तरीतली बाई तासभर खाली थांबेल की नाही हे त्याच्यावर ठरतं, ती तुम्हाला हे कारण कधी सांगणार नाही एवढंच. वरच्या मजल्यावर दाराला जाळीचा सेफ्टी डोअर लावून आतलं दार उघडं ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. शेजारच्या दोन घरांनी तेवढं केलं तरी मजल्याचा नूर बदलतो.

एक मात्र करू नका. रेफ्युज एरियात सतरंज्या, कपाटं, मंडळाचे ढोल ठेवू नका. ती जागा मोकळी दिसते म्हणून प्रत्येक टॉवरमध्ये हा मोह होतो, पण आग लागली तर माणसांनी तिथे येऊन थांबायचं असतं. जिन्यात आणि पॅसेजमध्येही सामान नको, तिथे चपलांचं स्टँडसुद्धा धुरात आडवं येतं.

प्रश्न: मी कोल्हापूरला आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कम्युनिटी हाऊसिंगसाठी सगळे परदेशातली उदाहरणं देतात. आपल्याकडचं एखादं सांगा ना जे जाऊन बघता येईल.

सीबीडी बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी १९८० च्या दशकात केलेलं. स्टेशनवरून रिक्षाने जा आणि टेप घेऊन जा. सात घरं एका चौकाभोवती, तो चौक साधारण आठ बाय आठ मीटरचा. असे तीन गट, म्हणजे २१ घरं, मिळून बारा बाय बाराचा चौक. असे पुन्हा तीन मिळून वीस बाय वीसचा. म्हणजे पोर रांगायला लागलं की दाराबाहेरचा छोटा चौक, सायकल आली की मधला, क्रिकेट आलं की मोठा. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटर, दोन घरांत भिंत सामायिक नाही, म्हणून शेजाऱ्याला न विचारता प्रत्येकाला आपलं घर वाढवता येतं, फक्त संडास पाठीला पाठ लावून काढलेत, पाइपचा खर्च वाचावा म्हणून. बुटकी घरं असूनही हेक्टरी ५०० च्या आसपास माणसं बसवली, हा आकडा लक्षात ठेव, व्हायव्हात कोणीतरी म्हणणारच की दाटी हवी असेल तर टॉवर लागतो.

तिथे गेल्यावर निराश होशील कदाचित, कारण उतरत्या छपराची मूळ घरं फार उरली नाहीत, पाडून दोन-तीन मजली आरसीसी उभी राहिलीत, ग्रॅनाइट, स्टीलचे रेलिंग, काही चौकांत गाड्या लावलेल्या. मला ते बघून आधी वाईट वाटायचं. आता वाटत नाही, कारण घरं वाढावीत म्हणूनच तर भिंती सुट्या ठेवल्या होत्या, आणि घरं ओळखू येईनाशी झाली तरी चौक जागच्या जागी आहेत. प्रत्येक चौकात अर्धा तास नुसतं बस, कोण कुठून येतं कुठे जातं ते वहीत मांड. फोटो शेवटी काढ.

प्रश्न: नाशिकला आमच्या प्लॉटवर चार मजली बिल्डिंग बांधतोय. भाऊ म्हणतो रस्त्याला दुकानं काढू, बायको म्हणते गर्दी, घाण, नको. तुमचं काय मत?

काढा, पण दोन-तीनच आणि लहान. किराणा, मेडिकल, दूध-डेअरी, इस्त्रीवाला, अशी दुकानं रात्री दहापर्यंत दिवा लावून बसतात, फुटपाथवर उजेड राहतो, आणि किल्ली ठेवायला, पार्सल घ्यायला हक्काचं माणूस मिळतं. सहा फुटी कंपाउंड वॉल बांधलीत तर रस्त्याच्या बाजूला अंधार आणि पानाच्या पिचकाऱ्या, हे लिहून देते. वहिनींचं म्हणणं पण खरं आहे, म्हणून घराचं दार दुकानांच्या ओळीतच ठेवा पण जिना वेगळा, दुकानाचा माल, कचरा आणि संडास मागून वेगळा. चायनीजच्या गाळ्याला आणि परमिट रूमला करारातच नाही म्हणा.

प्रश्न: आमच्या ठाण्याच्या सोसायटीत गेटजवळ कट्टा आहे, रात्री पोरं बसून मोठ्याने हसतात, पहिल्या मजल्यावर झोप लागत नाही. कमिटीने कट्ट्यावर लोखंडी टोकं बसवायचा ठराव आणलाय. मी एकटीच विरोधात आहे, बरोबर करतेय ना?

बरोबर करताय. टोकं बसवली की पोरं जिन्यात बसतील, आणि जिन्यात आवाज दुप्पट घुमतो. शिवाय सकाळी त्याच कट्ट्यावर कोण बसतं ते कमिटीने बघितलंय का? शिवाजी पार्कला मैदानाभोवती कट्टा आहे, तिथे पहाटे चालणारे, दुपारी डबा खाणारे, संध्याकाळी जोडपी आणि रात्री पोरं अशी पाळी लागलेली असते, एका पाळीसाठी बाकीच्या तीन उठवायच्या का?

तुमच्या केसमध्ये कट्टा बहुतेक बेडरूमच्या खिडकीखालीच आलाय, ही मूळ चूक ड्रॉइंगवरची. दुसरा कट्टा बांधून द्या, आतल्या भिंतीच्या टोकाला, जिथे वर जिन्याच्या किंवा किचनच्या खिडक्या आहेत, चांगला दिवा आणि मोबाइल चार्जिंगचा एक प्लग द्या, पोरं आपण होऊन सरकतील. विटा, सिमेंट, वर कडप्पा, काम दोन-तीन दिवसांचं. जुन्यावर कुंड्या ठेवायच्या असतील तर रात्रीच ठेवा, सकाळी वॉचमनला उचलायला सांगा. आणि ठरावाच्या सभेला पोरांपैकी दोघांना बोलवा, त्यातला एक बहुतेक कमिटी मेंबरचाच मुलगा निघेल.