बी४५० मदरबोर्डवर दुसरे ग्राफिक्स कार्ड लावण्यापूर्वी काय तपासावे

नमस्कार. रायझन ५ ३६००, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आणि ६५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा डबा) असलेल्या तुमच्या संगणकात ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधील रेंडरिंगसाठी, म्हणजे अंतिम चित्र तयार करण्यासाठी, त्याच प्रकारचे दुसरे कार्ड चालेल का, आणि त्यासाठी मदरबोर्डला एसएलआयची मान्यता लागते का, असे तुम्ही विचारले आहे.

एसएलआयची काळजी करू नका. ती दोन कार्डांकडून एकच गेम चालवून घेण्याची व्यवस्था होती. तिच्यासाठी नवी ड्रायव्हर प्रोफाइल (प्रत्येक गेमसाठीची जुळणी) देणे एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१ पासून थांबवले, आणि ३०६० वर तर तिचा कनेक्टरही नाही. ब्लेंडरचे सायकल्स हे रेंडरिंगचे इंजिन प्रत्येक कार्डाला स्वतंत्र समजून काम वाटून देते. मात्र संपूर्ण सीन दोन्ही कार्डांच्या मेमरीत वेगवेगळा भरला जातो, त्यामुळे १२ आणि १२ मिळून २४ जीबी होत नाहीत. तुमचे सीन आजच १२ जीबीत मावत नसतील तर दुसरे ३०६० घेऊ नये, अधिक मेमरीचे एकच कार्ड घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मदरबोर्डकडे वळू. खालचा स्लॉट वरच्याइतकाच लांब दिसतो, म्हणून तो तितकाच वेगवान असेल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे, कारण स्लॉटची लांबी आणि त्याला प्रत्यक्ष जोडलेल्या लेन (माहिती वाहून नेणाऱ्या वाटा) या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बी४५० बोर्डांवर वरचा स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला असून तो पीसीआय एक्सप्रेस या जोडणीच्या ३.० आवृत्तीच्या १६ लेनवर चालतो, तर खालचा लांब स्लॉट बहुधा चिपसेटमार्फत (मदरबोर्डवरील जोडण्या सांभाळणाऱ्या चिपमार्फत) जुन्या २.० आवृत्तीच्या ४ लेनवर चालतो. पहिल्याची क्षमता सेकंदाला सुमारे १६ जीबी आणि दुसऱ्याची २ जीबी, म्हणजे एक अष्टमांश. एक्स४७० किंवा एक्स५७० च्या अनेक बोर्डांवर प्रोसेसरच्या १६ लेन दोन स्लॉटांत आठ-आठ अशा वाटता येतात. बी४५० मध्ये ती सोय नाही. तरीही निराश होण्याचे कारण नाही. सायकल्समध्ये सीन एकदा कार्डात गेला की पुढची आकडेमोड तिथेच होते, त्यामुळे काही मिनिटे चालणाऱ्या फ्रेममध्ये फरक फारसा जाणवत नाही. काही सेकंदांत संपणाऱ्या फ्रेमच्या ॲनिमेशनमध्ये मात्र तो जाणवेल.

तुमच्या बोर्डाची नेमकी स्थिती त्याच्या मॅन्युअलमधील एक्स्पान्शन स्लॉटच्या तक्त्यात दिलेली असते. त्याखालची बारीक अक्षरांतील टीप अवश्य वाचा, कारण काही बोर्डांवर एम.२ (एसएसडीचा) किंवा छोटा एक्स१ (एका लेनचा) स्लॉट वापरला की खालच्या मोठ्या स्लॉटच्या लेन कमी होतात अथवा तो बंदच पडतो. ओळखीच्या कोणाचे कार्ड तासभर मिळाले तर ते खालच्या स्लॉटमध्ये बसवून जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधील बस इंटरफेसची ओळ पाहा, पण कार्डावर भार असताना पाहा; रिकाम्या वेळी वीज वाचवण्यासाठी जोडणीचा वेग आपोआप उतरतो.

विजेचा हिशेब सोपा आहे: दोन कार्डांचे ३४० वॅट, प्रोसेसरचे पूर्ण भारावर सुमारे ९० आणि उरलेल्या भागांचे ५०-६०. चांगल्या प्रतीचा ६५० वॅटचा एसएमपीएस हे पेलतो, पण त्याला ८ पिनांचे किमान दोन पीसीआय कनेक्टर हवेत आणि ते शक्यतो दोन स्वतंत्र केबलींवर असावेत. कॅबिनेटमध्ये दोन कार्डांच्या मध्ये निदान एका स्लॉटची, म्हणजे सुमारे २० मिलिमीटरची, मोकळी जागा राहते का ते मोजा. अन्यथा वरच्या कार्डाच्या पंख्यांना हवाच मिळणार नाही.

घरी ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर त्याची क्षमता साधारण ३६० वॅटच असते आणि दोन कार्डांचे रेंडरिंग चालू असताना वीज गेल्यास तो हा भार घेऊ शकणार नाही, त्यामुळे नवा घेताना व्हीएऐवजी वॅटचा आकडा पाहा आणि तो ६०० पेक्षा कमी नसावा.