नवऱ्याने ओपन रिलेशनशिपचं विचारलंय, माझ्यात काय कमी पडलं?

तुझं पत्र दोनदा वाचलं गं. लग्नाला नऊ वर्षं झाली, मोठी भांडणं नाहीत, आणि गेल्या आठवड्यात दिवा बंद केल्यावर नवरा अंधारातच म्हणाला की आपण ओपन रिलेशनशिप, म्हणजे लग्न तसंच ठेवून दोघांच्या संमतीने इतरांशीही संबंध, ट्राय करायची का, आजकाल बरेच जण करतात, रविवारपर्यंत विचार करून सांग. तेव्हापासून तुला झोप नाही. लोक असं का करतात आणि माझ्यात काय कमी पडलं, हे तुझे दोन प्रश्न.

"तुझ्यात काही कमी नाही" असं घाईघाईने म्हणून मी मोकळी होणार नाही, कारण तुला ते आत्ता पटायचं नाही. पण ज्यांनी हे खरंच दोघांच्या मर्जीने केलंय त्यांची कारणं ऐक. एकाला शरीरसंबंधाची खूप इच्छा आणि दुसऱ्याला जवळजवळ नाहीच, मग वर्षानुवर्षं एक मागतोय आणि दुसरा मनात अपराधी वाटून घेतोय, त्याचा दोघांनाही वीट आलेला असतो. कोणी अगदी कोवळ्या वयात एकत्र आलेले असतात आणि दुसरं कोणी कधी जवळ आलेलंच नसतं. कोणाला लग्नानंतर उमगतं की आपल्याला पुरुषही आवडतात आणि बायकाही, आणि जोडीदाराला तर सोडायचं नसतं. कोणी कामामुळे कायम लांब. आणि काहींना एकाच माणसाने आपलं सगळं काही असावं हेच मुळात पटत नाही, ते लोक सुरुवातीलाच तसं सांगून टाकतात. यात "बायको कमी पडली" असं फार कमी वेळा असतं.

"बरेच जण करतात" हे मात्र तपासून घे. अमेरिकेत सिंगल लोकांचे दोन मोठे सर्व्हे झाले होते, मिळून ८,७०० च्या वर माणसं, २०१७ मध्ये ते छापून आले. साधारण ५ पैकी १ जणाने सांगितलं की आयुष्यात कधीतरी असं संमतीचं, उघड नातं केलंय. म्हणजे ही विकृती वगैरे नाही, तुझा नवरा वाईट माणूस आहे असंही नाही. पण कधीतरी करून पाहिलं म्हणजे आज त्यात सुखाने राहतायत असं होत नाही, आणि उरलेले चार जण पण आहेतच ना.

मला खरं खटकलं ते अंधारात विचारणं. कदाचित तो घाबरला असेल, तुझा चेहरा बघवला नसता त्याला, ते मी समजू शकते. पण हा विषय असा एका वाक्यात आणि मुदत देऊन होत नाही. त्याला सरळ विचार, कोणी मनात आहे का? आधीच कोणाशी बोलणं सुरू आहे का? कारण तू लिहिलंयस की दोन महिने तो फोन पालथा ठेवतो आणि डेटिंग ॲपचं एक नोटिफिकेशन तुला दिसलं होतं. आधी कोणीतरी सापडलंय आणि मग परवानगी मागतोय, असं असेल तर त्याला ओपन रिलेशनशिप म्हणू नकोस. ती फसवणूक आहे, आणि बोलायचं ते त्यावर.

एका जोडप्याने मला लिहिलं होतं, दोघांनी मिळून वहीत नियम लिहिले, ओळखीतलं कोणी नको, घरी आणायचं नाही, सगळं नीट पाळलं. आणि पाचव्या महिन्यात ती कोसळली ती कशाने, तर तो तिला ज्या लाडाच्या नावाने हाक मारायचा तेच नाव त्याने दुसरीला दिलेलं तिला कळलं. वहीत ते नव्हतंच. आपल्याला नेमकं काय दुखेल हे आधी कळत नाही गं, म्हणून हे जमवणारे लोक सतत बोलत असतात, थांबायची मुभा दोघांना ठेवतात, आणि मोडकळीला आलेलं लग्न सावरायला म्हणून यात उतरत नाहीत.

तब्येतीचंही बोला, लाजू नकोस. काँडोम पाहिजेच, पण हर्पीस आणि एचपीव्ही हे शरीरसंबंधातून पसरणारे संसर्ग काँडोम वापरूनही लागू शकतात कारण ते कातडीच्या स्पर्शानेही पसरतात. एचआयव्हीची टेस्ट संबंधानंतर लगेच करून उपयोग नसतो, टेस्टच्या प्रकाराप्रमाणे काही आठवड्यांपासून ३ महिन्यांपर्यंत थांबावं लागतं.

आणि तू लिहिलंयस, "नाही म्हटलं तर तो जाईल, म्हणून हो म्हणून टाकते." तसं हो म्हणू नकोस बाई. असा भीतीने दिलेला होकार मी पत्रांमधून पुष्कळ बघितलाय, तो बाहेर गेला की ती घड्याळ बघत बसते, आणि आल्यावर हसून दार उघडते. तुला नको असेल तर नको एवढं कारण पुरे आहे, आणि मग राहायचं की जायचं हे त्यालाही ठरवू दे.

रविवारची मुदत त्याने घातलीय, तू मान्य केलेली नाहीस. त्याला सांग मला महिना दोन महिने लागतील, तोवर ॲप बंद ठेव, आणि आपण दोघं एखाद्या समुपदेशकाकडे जाऊ. यावर तो काय म्हणतो ते मला कळव.