बादिनी कुर्दी बोलीचं ऑनलाइन भाषांतर कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की जर्मनीत तुमच्या शेजारी इराकमधल्या दुहोकचं कुटुंब राहायला आलंय, ते बादिनी बोलतात, आणि भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये 'कुर्दी' निवडूनही काही धड कळत नाही. मीही इकडे दक्षिण जर्मनीत राहते. आमच्या जिन्यासमोरच झाखोकडचं एक कुटुंब आहे, त्यामुळे या अडचणीतून मी गेले आहे. मार्ग निघतो, पण आधी घोळ कुठे होतो ते समजून घ्या.

बादिनी म्हणजे कुरमांजी या उत्तरेकडच्या मोठ्या कुर्दी बोलीचंच इराकमधलं रूप. दुहोक, झाखो, आमेदी, आक्रे या डोंगराळ पट्ट्याला बादिनान म्हणतात, त्यावरून बोलीला नाव पडलं. कुरमांजीची ऑनलाइन सोय तशी बरी आहे. गुगलवर ती २०१६ पासून आहे. सोरानी, म्हणजे एरबिल-सुलेमानियाकडची कुर्दी, मे २०२२ मध्ये आली. (त्या वेळच्या २४ भाषांच्या यादीत आपली कोकणीसुद्धा होती.) मग बादिनीवाल्यांचं अडतं कुठे? लिपीत.

तुर्कस्तान, सीरिया आणि युरोपातले कुर्द कुरमांजी रोमन अक्षरांत लिहितात. कुर्द लेखक जलादत बेदिरखान यांनी १९३२ मध्ये दमास्कसहून 'हावार' हे मासिक काढलं, त्यातून ही रोमन वर्णमाला रुजली. इराकमध्ये मात्र शाळा, पाट्या, वर्तमानपत्रं सगळं अरबी वळणाच्या कुर्दी लिपीत, आणि बादिनीही त्याच लिपीत. यंत्रांना शिकवलेली कुरमांजी रोमन लिपीतली आणि सोरानी अरबी लिपीतली. त्यामुळे तुमच्या शेजाऱ्याने फोनवर लिहिलेला बादिनी मजकूर तसाच टाकला, की यंत्र तो सोरानी म्हणून वाचायला लागतं. गोव्यातला रोमी कोकणी लिहिणारा माणूस हे चटकन ओळखेल. कायद्याने १९८७ मध्ये देवनागरी कोकणीला राजभाषा केलं, यंत्रही देवनागरीच शिकलं, आणि रोमीत लिहिणारा तीच भाषा बोलत असून बाहेर राहिला.

आमच्याकडे यावरून एकदा चांगलंच घाबरायला झालं होतं. समोरच्या आजींच्या मुलाने मला औषधाबद्दल निरोप लिहून पाठवला. मी तो एका अ‍ॅपमध्ये टाकला, आणि गोळी आजींनी घेतली की मुलाने, हेच उलटसुलट होऊन आलं. त्याचं कारण मला नंतर उमगलं, आणि ते मराठी माणसाला फार लवकर कळण्यासारखं आहे. कुरमांजीत वर्तमानकाळात 'मी' म्हणजे 'एज', पण भूतकाळात काही खाल्लं, घेतलं, पाहिलं की तोच 'मी' होतो 'मिन'. 'मिन नान ख्वार', मी भाकरी खाल्ली. जुन्या मराठीतलं 'म्यां' आठवा, 'म्यां केलें'. आणि आपल्यासारखंच तिथे क्रियापद खाणाऱ्याऐवजी खाल्लेल्या वस्तूकडे बघून चालतं. सोरानीत 'एज' नाहीच, सगळीकडे 'मिन', आणि कर्ता दाखवायची तऱ्हाही वेगळी. मग सोरानीच्या चष्म्यातून बादिनी वाचली की कोणी काय केलं हे सरकणारच.

तेव्हा पहिलं काम: भाषा आपोआप ओळखू देऊ नका, यादीतून कुरमांजी स्वतः निवडा. दुसरं, मजकूर आधी रोमन लिपीत आणा. अरबी-कुर्दी लिपीतून रोमनमध्ये बदलून देणारी साधनं ऑनलाइन मिळतात, पण डोळे झाकून विसंबू नका. त्या लिपीत 'व' आणि आखूड 'उ' यांना एकच अक्षर, 'य' आणि 'ई' यांनाही एकच, आणि आखूड 'इ' तर लिहीतच नाहीत. 'मिन' हा शब्द नुसता 'मन' असा दिसतो. मोडी वाचताना ऱ्हस्व-दीर्घ आपण मनाने भरतो, तसं हे भाषा येणाऱ्यालाच भरता येतं. म्हणून बदललेलं वाक्य एकदा शेजाऱ्यांना वाचून दाखवा. चुकलं असेल तर ते लगेच सांगतील.

तिसरी गोष्ट मला आजींकडूनच कळली. बादिनीत पुरुष म्हणतो 'एज ये बिरसी मे' आणि बाई म्हणते 'एज या बिरसी मे', मला भूक लागली आहे. आपलं 'मी जातो, मी जाते' तसंच! मला इतकं आपलंसं वाटलं ते. पण हेच 'ये' आणि 'या' इतर ठिकाणी 'चा-ची'सारखे जोडशब्द म्हणून येतात, आणि यंत्र तिथे अडखळतं. असं वाक्य टाकताना तेवढा शब्द काढून 'एज बिरसी मे' करा. तुर्कस्तानकडे 'बिरची' म्हणतात, तेही करून बघा.

उलट दिशेने, म्हणजे तुम्हाला त्यांना काही सांगायचं असेल तेव्हा, मराठीतून टाकू नका. साध्या इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये छोटी वाक्यं करा, कर्ता गाळू नका. उत्तर रोमन लिपीत येईल, आणि घरातल्या मोठ्या माणसांना ते बहुधा वाचता येणार नाही, म्हणून तुम्हीच मोठ्याने वाचा. 'सी' अक्षर दिसलं की ज म्हणा, 'एक्स' दिसलं की घशातला ख. उच्चार कच्चा असला तरी समजतं. आमच्या आजी माझं वाक्य दुरुस्त करून परत म्हणायला लावतात.

दवाखाना, न्यायालय, निर्वासितांचं कार्यालय इथे मात्र फोन बाजूला ठेवा आणि दुभाषा मागा. मागताना नुसतं 'कुर्दी' म्हणू नका, 'बादिनी' किंवा 'कुरमांजी' असं स्पष्ट लिहून द्या, नाहीतर सोरानी बोलणारा भला माणूस येईल आणि दोघेही अवघडून बसतील. आणि शाळेत जाणाऱ्या मुलीला आईच्या आजारपणाची दुभाषी करू नका. मी ते होताना पाहिलंय, त्या पोरीचा चेहरा अजून आठवतो.

त्यांना जमत असेल तर यंत्रांना बोली शिकवायला लोकांचे आवाज जमवणाऱ्या मोझिलाच्या कॉमन व्हॉइस प्रकल्पात कुरमांजी वाक्यं वाचून आवाज देता येतो. वाक्यं रोमनमध्ये असतात, त्यामुळे हे घरातली तरुण मुलंच करू शकतील, पण तिथे बादिनी उच्चार पोचणं गरजेचं आहे. आज संध्याकाळी दार वाजवाल तेव्हा 'तू चावा यी?' एवढं विचारा, कशी आहेस. आणि चहा दिला तर 'स्पास'.